पिसं गळायचे दिवस

गल्लीतले सगळे त्यांना जपूनकाका म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा आत काकांकडे दुरुस्तीला पडलेला असायचा. त्यामुळे ते नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा देताना ते म्हणत, "जपून." गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की पुन्हा म्हणत, "जपून." पलीकडच्या फुटपाथवर एखादी अनोळखी बाई छत्री उघडताना दिसली, तरी त्यांच्या तोंडून आपोआप तेच निघे.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते आयुष्यभर ताक फुंकत राहिले. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येत. लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. अवेळी फोन वाजला की तो उचलायच्या आधी ते खाली बसून घेत. कामात मात्र हा स्वभाव उपयोगी पडला. तिळाएवढा स्क्रू फ्रेमच्या बिजागरीत बसवताना त्यांचा हात कधी चुकला नाही, कारण चुकेल या धास्तीने ते श्वासच रोखून धरत.

बायको याच्या अगदी उलट. ती बसमध्ये कंडक्टर होती. तिच्या एका हाकेने भरलेल्या बसमधली माणसं मागे सरकायची. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि घर एकदम शांत झालं, तेव्हा एके दिवशी ती ड्यूटीवरून येताना खोक्यात घालून चार तलंगा घेऊन आली. अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, उंच पायांच्या, बावरलेल्या. मागच्या अंगणात तिने जुन्या कपाटाचं खुराडं केलं. चौघींतली जी सगळ्यात तोऱ्यात चालायची, मान वाकडी करून सगळ्यांकडे बघायची, तिचं नाव तिने 'आत्या' ठेवलं.

"टोच मारेल ती डोळ्याला," काका दारातूनच म्हणाले. "जन्मभर लोकांचे डोळे सांभाळले, आता माझा कोंबडीने फोडायचा का?"

"तुम्ही नका येऊ खुराड्यात. तुम्ही फक्त अंडं खा," ती म्हणाली.

आणि तशी वाटणीच झाली. सकाळी काका उठायच्या आत ती अंगण झाडून, दाणे टाकून मोकळी झालेली असे. काकांच्या पुढ्यात बशीत उकडलेलं अंडं यायचं. बाराही महिने, एक दिवस चुकला नाही.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. गल्लीतल्या लोकांना वाटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. भिंतीपलीकडे राहणाऱ्या अंडेवाल्या मावशी कोंबड्या घेऊन जायला आल्या. त्यांच्याकडे चाळीसेक कोंबड्या होत्या, फाटकाशी टेबल मांडून त्या अंडी विकत. आणखी चार त्यांना जड नव्हत्या. पण काकांनी मान हलवली. द्यायला जीव झाला नाही. दुसऱ्या दिवशी ते वेल्डिंगचा काळा गॉगल लावून खुराड्यात शिरले, तेव्हा मावशी भिंतीवरून बघून पोट धरून हसल्या होत्या.

उन्हाळाभर सगळं नीट चाललं. दिवस मोठे होते, आत्याचा तुरा लालभडक, पिसं अशी तुळतुळीत की ऊन पडलं की चमकायची. चौघींची मिळून रोज तीन-चार अंडी. काकांचा गॉगल सुटला. पावसाळा सरता सरता लेक बाळंतपणासाठी आली. जावई जहाजावर नोकरीला, इतक्यात परतायचा नव्हता. लेक आली आणि काकांना काळजी करायला आयतंच कारण मिळालं. पण ती रोज सकाळी दोन अंडी खायची, हसायची, पोटावर हात ठेवून "ही बघा, लाथ मारली" म्हणायची. तेव्हा काकांना वाटायचं, आपण निदान एक गोष्ट तरी बरोबर करतोय.

मग दिवस लहान व्हायला लागले.

आधी अंडी कमी झाली. चाराची दोन, दोनाचं एक, आणि मग काहीच नाही. काकांनी खुराड्यातला भुसा उपसून पाहिला, कोपऱ्यात हात घालून पाहिलं. साप येत असेल का, या विचाराने हात लगेच बाहेर काढला. साप नव्हता. एका सकाळी अंगणात पिसं दिसली. थोडी. त्याच्या दुसऱ्या दिवशी इतकी, की कुणीतरी उशी फाडून झटकली असावी. काकांनी धावत जाऊन कोंबड्या मोजल्या. मांजर? पण कोंबड्या चारही होत्या. चारही जिवंत, आणि चारही भयंकर दिसत होत्या. आत्याची मान उघडी पडली होती. शेपटीच्या जागी दोन काड्या. तुरा आक्रसून फिक्का झाला होता, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. एरवी तोऱ्यात फिरणारी आत्या भिंतीला अंग चोरून उभी होती आणि काकांनी हात पुढे केला तशी ओरडून बाजूला झाली.

त्याच दिवशी दुपारी नगरपालिकेची गाडी गल्लीतून फिरली. काका दुकानात एका फ्रेमची दांडी बसवत होते. गाडीवरचा भोंगा सांगत होता: नदीपलीकडच्या वस्तीत कोंबड्यांमध्ये साथ आली आहे. पक्षी मलूल दिसला, खाणं-अंडी बंद केली, मेला, तर लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा. हात लावू नका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांनी लांब राहा.

'गरोदर' हा शब्द ऐकला आणि काकांच्या हातातला स्क्रू पडला. तो पुन्हा सापडला नाही. खरं म्हणजे काकांनी शोधलाच नाही.

घरी येऊन त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. तिने गेले कित्येक आठवडे त्याच कोंबड्यांची अंडी खाल्ली होती, त्यातलं एक रोज अर्धवट उकडलेलं, बलक वाहणारं, तिच्या आवडीचं. तिला सांगावं? सांगितलं तर घाबरेल. घाबरली आणि पोटातल्या जिवाला काही झालं तर? काकांनी ठरवलं, सांगायचं नाही.

आणि भीतीला एकदा लपवायला घेतलं की ती लपवण्यातच माणूस दमतो, तसं त्यांचं झालं. पहाटे उठून ते पिसं वेचत आणि कुंडीतल्या मातीत पुरत. कोंबड्या त्यांनी मागच्या सामानाच्या खोलीत कोंडल्या, दाराला कडी घातली. अंडी लांबच्या दुकानातून आणायला लागले, म्हणजे मावशींना कळायला नको. आणि ती अंडी इतकी उकडत, की भांड्यातलं पाणी दोनदा आटायचं.

"बाबा, हे अंडं आहे की चेंडू?" लेक म्हणाली. "आणि ही पांढरी कशी? आपल्या तर तपकिरी देतात ना?"

"ऋतू," काका म्हणाले. "ऋतूप्रमाणे बदलतं."

तिने भुवया उंचावल्या, पण खाल्लं.

भिंतीपलीकडून मावशींनीही हटकलं. "काय हो जपूनकाका, तुमच्या पोरी दिसत नाहीत बाहेर?"

"थंडी आहे ना."

"कोंबडीला कसली थंडी? स्वेटर विणा मग." मावशी हसल्या. काका हसले नाहीत. त्यांना मावशींच्या अंगणातून येणारा चाळीस कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. आपल्या घरातला रोग या भिंतीवरून उडी मारून तिकडे गेला तर? या बाईचं सगळं घर त्या टेबलावर चालतं. त्यांनी घाईघाईने आत येऊन हात धुतले, साबण लावून, मग फिनेल लावून, मग पुन्हा साबण.

दोन गोष्टी एकाच सकाळी घडल्या. लेक खोकली. आणि आत्या काकांच्या हातात रक्ताळली.

खोकला साधाच होता, पाणी पिताना ठसका लागावा तसा. पण बायकोचं दुखणंही असंच सुरू झालं होतं. काका तडक सामानाच्या खोलीत गेले. त्यांना एकदाचं बघायचं होतं. नीट बघायचं, टाळायचं नाही. त्यांनी आत्याला दोन्ही हातांनी धरलं. ती फडफडली नाही, नुसती कण्हल्यासारखा आवाज काढला. पंखाखाली बोटं गेली आणि तिथेच थबकली. कातडीवर सगळीकडे टोकदार, कडक, निळसर काड्या उगवल्या होत्या. पुरळ. रोगाचं पुरळ. त्यांचा अंगठा एका काडीवर जोरात दाबला गेला, काडी मोडली आणि तिच्यातून रक्त आलं. इतक्याशा काडीतून इतकं रक्त! ते त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी समजलं. कोंबडी खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. आतून लेकीचा आवाज आला, "बाबा, चहा टाकू?"

"आत येऊ नकोस!" काका ओरडले. आयुष्यात ते तिच्यावर असे कधी ओरडले नव्हते. "दार लाव! तिकडेच थांब!"

कोंबडीला भुशात ठेवून, अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासून, ते घरातल्या चपलांवरच जनावरांच्या दवाखान्यात गेले. रस्त्यात कुणाच्या जवळून जायचं नाही म्हणून गटाराच्या कडेकडेने चालले. दवाखान्यात एक माणूस कुत्रा घेऊन बसला होता, एक बाई मांजर. काका दाराबाहेरच उभे राहिले आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी ती गोष्ट सांगितली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण डोळे झोप न झाल्यासारखे लाल. "मेली का एखादी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खातात?"

"खातात. थोडं. पण पुरळ आहे, रक्त येतंय, आणि माझी लेक गरोदर आहे."

पुढचं काकांच्या हातात राहिलं नाही. डॉक्टरीणबाई आणि त्यांचा मदतनीस पांढरे पोशाख, चष्मे, हातमोजे घालून भर सकाळी गल्लीत उतरले. खिडक्या उघडल्या, लगेच बंद झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कोंबड्यांच्या घशातून कापसाच्या काड्यांनी नमुने घेतले, आत्याचा पंख उजेडाकडे उघडून बराच वेळ पाहिला.

"हे पुरळ नाही, काका. ही नवी पिसं आहेत. कोवळ्या पिसाच्या काडीत रक्त असतं, मोडली की वाहतं. दिवस लहान झाले की कोंबडी जुनी पिसं टाकते आणि नवी घालते. अंगातलं सगळं बळ तिकडे जातं, म्हणून अंडी बंद, तुरा फिक्का. हात लावला की दुखतं त्यांना."

"म्हणजे रोग नाही?"

त्यांनी आत्याचा पंख मिटवला. "मला तरी तसं दिसत नाही. पण नदीपलीकडे रोज पक्षी मरतायत. अशा वेळी नुसतं डोळ्यांनी बघून मी 'नाही' म्हणणार नाही. नमुना तपासून येईपर्यंत कोंबड्या आत. आणि या गल्लीतली कोंबडी, अंडी, काहीच विकायचं नाही."

"या गल्लीतली?" काकांनी विचारलं. "सगळ्यांची?"

मदतनीस तोपर्यंत मावशींच्या फाटकाशी पोचला होता. तो टेबल उचलून आत ठेवायला सांगत होता.

मावशी आल्या त्या फाटकातून नाही, भिंतीशी पेटी ठेवून तिच्यावर चढल्या आणि तिथूनच त्यांनी तोंड सोडलं. "तुमच्या अंगणात चार पिसं पडली म्हणून माझं दुकान बंद? अहो, साप साप म्हणून भुई धोपटायची तर आपली धोपटा ना! माझी कशाला?"

"मावशी, मला वाटलं की साथ—"

"वाटलं! भिंतीवर एक टकटक करायची होती. एवढं तरी जमलं असतं? दर वर्षी या दिवसांत पडतात पिसं. माझ्या चाळीसांतल्या अर्ध्या आत्ता उघड्या-बोडक्या फिरतायत!"

"दर वर्षी?" काका म्हणाले. "आमच्याकडे कधी नाही पडली. आणि अंडी बंद कधीच नव्हती. मी रोज खात होतो."

मावशींनी भिंतीवरचे हात मागे घेतले. रागाच्या भरात नको तिथे पाय पडावा तसा त्यांचा चेहरा झाला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ती माझी अंडी होती."

काकांना कळलं नाही.

"तुमची बायको या दिवसांत रोज पहाटे भिंतीवरून न्यायची. पिसं झाडून पिशवीत भरून माझ्याकडे टाकायची. म्हणायची, यांना कळलं तर हे झोपायचे नाहीत, आणि मग मलाही झोपू देणार नाहीत."

लेक मागच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. काका पायरीवर बसले. लाज वाटायला हवी होती, तशी ती वाटलीही. पण तिच्या मागून जे आलं ते फार वाईट होतं. जी बाई आपल्यापासून कोंबडीची पिसं लपवू शकत होती, तिने आणखी काय लपवलं असेल? ताप? तो ताप कधीपासून अंगात होता? 'साधाच आहे' असं ती म्हणाली, ते आपल्याला झोप लागावी म्हणून?

"मावशी," त्यांनी कसंबसं विचारलं, "तिचं दुखणं तुम्हाला ठाऊक होतं?"

मावशींनी मान हलवली. हो की नाही, ते काकांना समजलं नाही, आणि पुन्हा विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी बापलेक स्वयंपाकघरात बसले. दिवा लवकर लावावा लागला. लेक म्हणाली, "पांढरी अंडी तुम्ही आणत होता ना? मला वाटलं, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. मीही मुद्दाम विचारलं नाही. तुम्ही सकाळी माझ्यावर ओरडलात, तेव्हा मी दाराआड उभी राहून थरथरत होते. काय झालंय तेच माहीत नव्हतं मला. त्यापेक्षा सांगितलं असतंत तर बरं."

"तू घाबरली असतीस."

"घाबरलेलीच आहे मी, बाबा. रोज असते. बाळ आडवं असलं तर? वेळेवर गाडी मिळाली नाही तर? तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही घाबराल म्हणून." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. "आईनेही आपल्याला असंच सांभाळलं. मला नाही तसं जमत. घाबरायचं तर मिळून घाबरू."

काकांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. खोकलाही सकाळनंतर आला नव्हता. तरी नमुन्याचा निकाल येईपर्यंत ते दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दुकानात बसले की गल्लीच्या तोंडाशी थांबणारी प्रत्येक गाडी पांढऱ्या पोशाखातल्या माणसांची वाटे. नदीपलीकडे खड्डे खणून कोंबड्या पुरल्याची बातमी आली. मावशी अंगणात उगाच इकडून तिकडे फिरत, आणि भिंतीच्या अलीकडे काका. दोघं बोलत नव्हते, पण एकाच्या पावलांचा आवाज थांबला की दुसरा कान द्यायचा.

निकाल फोनवर आला. लेकीने फोन उचलला, ऐकलं आणि फक्त बोटाने 'नाही' अशी खूण केली. काकांचा जीव भांड्यात पडला, इतका जोरात की ते खरोखरच स्टुलावरून घसरले. मग उठून त्यांनी भिंतीवर टकटक केली.

"कळलं," पलीकडून मावशी म्हणाल्या. मग पेटी सरकवल्याचा आवाज आला. "कळवलंत ते चूक नव्हतं. मला आधी सांगितलं नाहीत, एवढंच माझं म्हणणं." आणि भिंतीवरून एक पिशवी आली. तपकिरी अंडी होती.

थंडीत आत्या पुन्हा भरली. काड्यांची टोकं फुटून पिसं उलगडली, आधी मानेवर, मग पाठीवर, शेवटी शेपटी. पहिल्यापेक्षा गडद आणि दाट. अंडी मात्र दिली नाहीत. मावशी म्हणाल्या, दिवस मोठा व्हायला लागला की देतील, घाई करू नका. तसंच झालं, पण तोपर्यंत घरात अंड्यांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

लेकीच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. काकांना गाडीचा नंबर फिरवता येईना, बोटं एकमेकांत अडकत होती. मावशींनी गाडी आणली, मावशींनीच पिशवी भरली. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये काका आतल्या प्रत्येक आवाजाबरोबर उठत आणि बसत. शेवटी नर्स कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. काका मागे सरकले.

"घ्या ना, आजोबा."

"पडेल."

"नाही पडत."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पॅसेजमध्ये सरळ जमिनीवर बसले, पाठ भिंतीला टेकवली, पाय पसरले, मांडीवर आपला स्वेटर काढून घातला. "आता द्या," ते म्हणाले. "इथून पडली तरी कुठे जाईल?"

पुढच्या वर्षी दिवस लहान झाले, तेव्हा लेक नातीला घेऊन तिच्या घरी होती. एका सकाळी अंगणात पिसं दिसली. काकांना सगळं माहीत होतं. कारण माहीत होतं, पुढे काय होणार तेही माहीत होतं. तरी बायको डोळ्यांपुढे उभी राहिलीच. त्यांनी झाडू हातात घेतला, पुन्हा ठेवला, आणि आधी लेकीला फोन लावला.

"पिसं पडली," ते म्हणाले. "मी घाबरलोय."

"किती घाबरलात?" तिने विचारलं. मागे पोरीचा आरडाओरडा चालू होता.

काकांनी खरंच विचार केला. "बराच," ते म्हणाले, आणि ती "थांबा, हिला घेऊन बसते, मग नीट सांगा" म्हणाली, तसे ते फोन कानाला लावून पायरीवर बसून राहिले.